पाण्यातनं काठाचा फोटो

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कोल्हापुरातनं कॅमेरा आणला. दुकानात शिरल्या शिरल्या हिनं बादलीभर पाणी मागितलं.

"प्यायला व्हय मावशी?" दुकानदार म्हणाला.

"बुडवून बघतो की! मडकं घेताना वाजवून बघत न्हाय व्हय?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी पंख्याकडं बघितलं. शेवंताशी लगीन झाल्यापासनं मी असाच कुठंतरी दुसरीकडं बघत आलोय.

आमचं गाव शिरोळकडचं, नदीला लागून. पुरात आमच्याकडं गूळ शिजवायच्या मोठ्या काहिलीत बसून माणसं नदी पार करतात. ही मात्र पूर नसताना, दर अमावस्येला, भर दुपारी काहिलीत बसायची आणि मधोमध जायची. गळ्यात भाच्याचा जुना कॅमेरा. काहिलीला दोर, दोराचं टोक घाटावर माझ्या हातात. मला पोहता येत नाही.

काहील गरागरा फिरते. हिनं घाट बघून बटण दाबावं, तर फोटोत पलीकडची म्हैस. एका रिळात एकोणतीस म्हशी निघाल्या. "आमच्या म्हशींचा आल्बम कवा दावताय वैनी?" शेजारचा तातू विचारायचा.

एकदा मी तापानं घरात पडलो होतो. दोर तातूनं धरला. त्या फोटोत पहिल्यांदा घाट आला. तातूच्या शेजारी आणखी कोणतरी उभं होतं, धुरकट.

"हे तुमीच," ही म्हणाली.

"आगं, मी घरात न्हवतो का?"

"तुमीच हायसा."

तातूनं त्यानंतर म्हशींची थट्टा बंद केली.

फोटो स्वच्छ यावा म्हणून नवा कॅमेरा. दुकानदारानं पाण्यात चालणारा एक पिवळा डबा काढला. हिनं तो बादलीत बुडवला, कानाला लावला, बटण दाबलं. "घर्र करत न्हाय न्हवं? आवाजानं पाणी सावध हुतंय."

"कशाचा फोटो काढायचा मावशी?"

"काठाचा. बुडणाऱ्याला काठ कसा दिसतोय, ते बघायचं हाय."

दुकानदारानं डबा पुसून पिशवीत घातला.

आमचा पोरगा संज्या पुरात काहील उलटून गेला. मी घाटावर उभा राहून हाका मारत होतो. हिनं मला कधी बोल लावला नाही, नुसती काहिलीत बसायला लागली. मला वाटायचं, माझ्यावर सूड म्हणून बसते.

येताना एसटीत शेवटी विचारलंच. "काय हुडकतीस गं त्यात?"

"तुमी दिसतायसा का, ते. तेवढ्या लांबनं दिसत असशीला, तर पोरगं एकटं न्हाय गेलं."

मी खिडकीकडं तोंड केलं.

त्याच रात्री, पहाटेकडं ती झोपेतच गेली. दुपारी तिला घाटावरच अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतकातच मी काहील पाण्यात लोटली आणि आत बसलो. जन्मात पहिल्यांदा. दोर तातूच्या हातात दिला, संज्या गेला तेव्हा मी उभा होतो त्या पायरीवर त्याला उभं केलं. "दादा, नगा जाऊ!" तो ओरडत होता. मधोमध आल्यावर काहील फिरायची थांबली. का, ते मला ठाऊक नाही. मी पिवळा डबा डोळ्याला लावला. आवाज पोचत नव्हता. पण तातू दिसत होता. हात हलवत होता, तोंड उघडत होतं, मिटत होतं. सगळं दिसत होतं.

मी बटण दाबलं.