काकांनी नापास केलेली गाडी

दामलेकाकांच्या कोटाच्या खिशात मोज्यात गुंडाळलेलं लोहचुंबक असतं. सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये एखादी जुनी गाडी दिसली, की काकांचा हात खिशात गेलाच म्हणून समजा. मोजा दाराला लावायचा. चिकटला तर आत खरा पत्रा. गळून पडला तर आत गंज आणि वर पुट्टी! तेवढ्यात गाडीचा मालक ट्रॉली ढकलत येताना दिसतो आणि मी दुसऱ्याच गाडीआड सरकतो. मी मुळातच घाबरट. त्यात काका खणखणीत आवाजात म्हणणार, "रंगाला भुलू नकोस, मंदार!"

काका लंडनमध्ये स्टॅनमोरला आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. क्रॉयडनच्या एका ऑफिसात इन्शुरन्सचे क्लेम तपासत रिटायर झाले. काकू गेल्या, मुलगी कॅनडात. मला जुनी अमेरिकन मसल कार घ्यायची आहे, व्ही-एट इंजिनची, गुरगुरणारी, हे कळल्यापासून त्यांनी मला ताब्यातच घेतलं. दर रविवारी आम्ही एक गाडी बघायला जातो आणि काका तिला नापास करतात.

ईलिंगच्या एका गृहस्थांनी साध्या गाडीला भारी मॉडेलचा बिल्ला लावून ती विकायला काढली होती. काकांनी डिकी उघडली, बिल्ल्याच्या मागे आतून बोटं फिरवली. "कारखान्यातली भोकं अशी असतात होय? ही तर घरी पडद्याचा रॉड लावताना पाडतात तशी आहेत!" गृहस्थांच्या मिसेसनी आणलेला चहा तसाच राहिला. दुसऱ्या एका गाडीच्या इंजिनावरचा नंबर फारच सुबक होता, म्हणून ती बाद. "अरे, कारखान्यातल्या माणसाला घरी जायची घाई असते. एवढं देखणं काम खोटं करणाराच करतो." मी आपला सॉरी, सॉरी म्हणत बाहेर.

गेल्या रविवारची गाडी केंटमध्ये होती. निळी. बघताक्षणी माझा जीव तिच्यात अडकला. त्यात मालक म्हणाला, दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय. झालं! देवा, आज तरी काकांना काही सापडू देऊ नकोस.

मोजा सगळीकडे चिकटला. बिल्ल्याची भोकं सरळ. इंजिनावरचे आकडे वेडेवाकडे, आणि दाराजवळच्या पट्टीवरच्या नंबराशी जुळणारे. काका टॉर्च घेऊन बराच वेळ नुसते बघत राहिले. मग गुडघे झटकत उठले. "खोटी आहे. नंबर नंतर ठोकलाय. चल."

मी रडकुंडीला आलो, पण काकांपुढे बोलणार कोण? मालकाला थँक यू म्हटलं आणि निघालो.

परतीला लागलो. एरवी नापास गाडीवर घरापर्यंत व्याख्यान चालतं. आज काका नुसते सीटबेल्ट ओढत होते. छातीत दुखतंय की काय यांच्या?

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"गाडी बाजूला घे."

मी घाबरून पेट्रोल स्टेशनात वळलो.

"अस्सल आहे ती," काका समोर बघत म्हणाले. "इतकी खरी गाडी मी आजवर पाहिली नाही. फोन कर त्याला."

"मग खोटी का म्हणालात?" माझा आवाज चढलाच.

"तुला गाडी मिळाली की संपलंच की रे. मग रविवारी तू कशाला येशील माझ्याकडे?" त्यांनी चष्मा काढला. "आठवडाभर मी कुणाशी बोलतच नाही, मंदार."

रागवायचं होतं मला. तरी मी फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली. काकांनी माझी बाही घट्ट धरली होती. शेवटी मालकाने उचलला. गाडी होती, दुसरा माणूस अजून आला नव्हता.

"चला," मी म्हटलं. "गाडी घरी आणायला दोघं लागतात. ती मी चालवीन, ही तुम्ही. आणि तिला नीट ठेवायची म्हणजे रोज काहीतरी बघावं लागणार. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

काकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि ताठ बसले.

"मग बघत काय बसलायस? वळव ना लवकर! तो दुसरा पोचेल तिथे!"