बरणीतल्या बाई

मी शिकवायचो त्या शाळेतले सावेसर किड्यांना अहोजाहो करत. हेडमास्तरांना एखादे वेळी चुकून 'अरे' म्हणतील, पण समुद्राच्या पाण्याची बरणी टेबलावर ठेवून सांगणार, "बाई आज रुसल्यात. बाहेर येईनात."

या बाई म्हणजे समुद्रातला एक केसाळ किडा. 'किडा' हा शब्द मात्र सरांना खपत नसे. "वलयी प्राणी म्हणा! गांडुळाचे चुलतभाऊ, पण समुद्रात राहून सुधारलेले." त्यांच्या अंगाच्या कड्याकड्याला दोन्ही बाजूंनी राठ केसांचे झुबके. कुणी त्यांवर सरपटत शिकार करतो, कुणी चिखलात बीळ करतो, कुणाचे केस बोटात निवडुंगाच्या कुसांसारखे सलतात. सरांचा जीव जडला होता तो नळीत राहणाऱ्यांवर. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधायची आणि तोंडाशी पिसांचा तुरा पसरून बसायचं. श्वास त्यानेच, जेवणही त्यानेच.

ओहोटी लागली की सर आमच्या तारापूरकडच्या माहीमच्या किनाऱ्यावर गुडघाभर चिखलात. मासळीवाल्या बायका विचारत, "सर, तुमी खाता का काय यांना?"

"नाय हो, भेटायला येतो."

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा जो तो नोकरीच्या खटपटीला लागला. सरही बोईसरला उतरून तिकडे जाऊन आले. नोकरीचं काय झालं विचारलं तर म्हणाले, "ते राहिलंच. खडक मात्र फार छान आहेत."

अशा माणसाचं लग्न जमवायचं माझ्याकडे आलं. सफाळ्याची कुमुद, तिथल्याच शाळेत शिवण शिकवणारी, हसरी मुलगी. फोटो पाहून सर इतके खूश झाले की त्या दिवशी चक्क भांग पाडून आले. मुलगी बघायला जाताना लोक पेढे नेतात, यांनी बरणी नेली. "आपलं जे काय आहे ते आधी दाखवलेलं बरं," म्हणाले.

कुमुदने पोह्यांच्या बशा ठेवल्या, बरणी पाहिली आणि ती वाकली. तिची सावली पाण्यावर पडली. या प्राण्यांना सावली म्हणजे खायला आलेला मासा. तुरा झटकन नळीत गेला. सर ओरडले, "अहो, सावली काढा! तुमची सावली पडू देऊ नका!"

मग कुमुदचे मामा उठले. "आमच्या पोरीची सावली अपशकुनी हाय का? मंग तुमी निघा."

मी समजावू लागलो, मामा ऐकेनात. किड्यांवर तासभर बोलणारा माणूस. त्याने तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. कुमुद दारात थांबून त्यांच्याकडेच बघत होती. सरांनी बरणी काखोटीला मारली आणि खाली मान घालून बाहेर पडले.

पुढे मी कितीदा म्हटलं, चला, मामांची समजूत घालू. "ही ओहोटी होऊ दे," सर म्हणत. ओहोट्या काय, रोजच्याच. वर्ष गेलं आणि कुमुद लग्न होऊन वैतरणा नदीच्या पलीकडे गेली. मला अजून हळहळ वाटते.

बातमी मीच सांगितली. सर खडूचे हात झटकत उभे राहिले.

"बरणीकडे सगळे लांबूनच बघतात, नाक धरून," ते म्हणाले. "ती आपणहून वाकली होती, मास्तर. थोडं थांबलं की येतात हो परत बाहेर. तेवढं तिला सांगायचं राहिलं."