ठमाआत्याचा कान

आमच्या कोपरी गावठाणात कुणाचा टीव्ही बंद पडला, कुणाच्या फोनमध्ये आवाज येईनासा झाला, गिझरचा दिवा लागेना, की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं. सुधीर! म्हणजे अस्मादिक. मी कुठलाही कोर्स केलेला नाही. पण 'दे इकडे, मी बघतो' हे तीन-चार शब्द मी इतक्या आत्मविश्वासानं म्हणतो, की समोरच्याची निम्मी काळजी तिथेच मिटते. उरलेली निम्मी नंतर दुप्पट होते, असं माझी बायको सोनल म्हणते. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

तर, माझ्या पुतणीची, कल्पिताची हळद होती. आम्हा आगरी लोकांत लग्नाला एक वेळ कमी माणसं चालतील, पण हळदीला अख्खं गाव लोटतं. आणि हळद लागते ती धवलारणीच्या गाण्यावर. जुनी जाणती बाई धवळा म्हणते, मग नवरीच्या अंगाला पहिलं बोट लागतं. आमच्या घरात हा मान ठमाआत्याचा. दादाच्या लग्नात तीच गायली, माझ्या लग्नात तीच.

आणि नेमकी ठमाआत्या कल्याणला, लेकाच्या घरी, पाय मोडून बसलेली! प्लास्टर मांडीपर्यंत, घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही.

"आत्याआजी गायल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाय," कल्पितानं जाहीर केलं. पोरगी मोठ्या कंपनीत टीम सांभाळते, पण ओठ काढून बसली तेव्हा पाच वर्षांची दिसत होती. लहानपणी आत्याच्या मांडीवर धवळे ऐकत झोपलेली ती. वहिनीनं समजावलं, गावातली दुसरी धवलारीण सुचवली. छे! दादा म्हणजे गोपीनाथदादा, नवरीचा बाप. त्याचा चेहरा उतरला.

मी खुर्चीतून उठलो. "थांबा, मी बघतो!"

माझी योजना ऐका. नवा कोरा टॅबलेट, तो जोडायचा मांडवातल्या मोठ्या टीव्हीला आणि स्पीकरला. आत्या कल्याणहून व्हिडिओ कॉलवर गाणार, कोपरीत सगळ्यांना दिसणार! आमच्या आळीत मोबाईलचं नेटवर्क फक्त गच्चीवर, तेही एका पायावर उभं राहिलं तर मिळतं. म्हणून घरातलं वायफाय मी मांडवापर्यंत ओढून आणलं. वर आणखी एक पराक्रम केला. आपल्या दारात आलेला माणूस न जेवता जात नाही, मग वायफायविना का जावा? मांडवाच्या तोंडाशी 'सुस्वागतम्'च्या खाली मोठ्या अक्षरांत पासवर्ड लिहून टाकला. येणारा प्रत्येक जण बोर्ड वाचून माझी पाठ थोपटत होता. दादासुद्धा म्हणाला, "पोराला डोका हाय!"

संध्याकाळ झाली. कल्पिता पाटावर बसली. बायका सभोवती जमल्या. मी ऐटीत टॅबलेट सुरू केला.

टॅबलेटवर एक गोल फिरायला लागला. फिरला, फिरला, आणि म्हणाला, जोडता आलं नाही.

मी पासवर्ड पुन्हा टाकला. गोल फिरला. टॅबलेट बंद करून चालू केला. गोल फिरला. घरात धावत जाऊन राउटरची वायर काढून लावली. मांडवातून "आईगं! गेला!" असा गलका झाला, मग "आला, आला!" असा झाला. परत येऊन बघतो तर सगळ्यांचं आलेलं, टॅबलेटवर गोल!

आता सल्ले सुरू झाले.

"उंच धर!"

"पंख्यासमोर धर, तापला असल."

"नवा हाय ना? मंग त्याला आधी हलद लाव!" हे मारुतीमामा, वहिनीचे थोरले भाऊ, म्हणजे नवरीचे मामा. लग्नघरात मामाच्या शब्दाला केवढा मान! कुणीतरी खरंच टॅबलेटला हळद फासली. त्यानंतर त्याला माझं बोटही ओळखू येईना.

"अहो, माझ्या फोनवरून लावा की, माझं चालतंय," सोनल म्हणाली.

"एवढ्याशा फोनवर आत्या दिसणार कुणाला? टीव्हीला टॅबलेट जोडलाय, टॅबलेटच चालणार!" मी घाम पुसत म्हणालो. दोष कुठे आहे ते कळावं म्हणून मी माझाही फोन बंद करून चालू केला. आणि काय सांगू! मगाचपर्यंत सुरळीत चाललेल्या माझ्या फोनवरही गोल फिरायला लागला!

"सुधीर, तुला जमत नसल तर तसा बोल!" दादा गरजला. कल्पिता पाटावर हातातल्या बांगड्या फिरवत बसली होती. ती ओरडली असती तर परवडलं असतं.

सोनलनं शांतपणे आपल्या फोनवर राउटरची सेटिंग उघडली, यादी वर सरकवली, आणखी सरकवली, आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. आमच्या वायफायवर कोण नव्हतं! वऱ्हाडी होते, डीजेवाला होता, आचारी होता, त्याचे वाढपी होते, शेजारच्या इमारतीचा वॉचमन होता, कोपऱ्यावरच्या स्टँडवरचे सगळे रिक्षावाले होते. राउटरची ताकद संपली होती. पंगतीतून हात धुवायला उठावं आणि परत येईपर्यंत आपल्या पानावर दुसराच बसलेला असावा, तसं माझ्या फोनचं झालं होतं.

"तुमचा बोर्ड," सोनल एवढंच म्हणाली.

मी ताबडतोब तिच्या फोनवरून पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड ठेवला आत्याचंच नाव, ठमाबाई! सगळे एका फटक्यात बाहेर! टॅबलेटवरची हळद पुसून नवा पासवर्ड टाकला, गोल थांबला, कॉल लागला, आणि मांडवातल्या टीव्हीवर प्रकट झाला... एक कान. भलामोठा, कुडीवाला कान! आत्यानं व्हिडिओ कॉल नेहमीसारखा कानाला लावला होता.

"हॅलो! कोन बोलतंय?" कान म्हणाला.

मांडवात टाळ्या पडल्या. कल्पिता हसली. "आत्याआजी, मी! गा ना!" कानापलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. अंगावर काटा आला हो!

इतक्यात मारुतीमामा माझ्या खांद्याशी. "सुधीर, वायफाय गेला रं. पासवर्ड बदललास? आमाला नाय सांगनार?"

आता सांगा! नवरीच्या मामाला हळदीच्या दिवशी नाही म्हणायचं? मामा रुसले तर उद्या मुलीला मांडवात आणणार कोण? मी त्यांच्या कानात कुजबुजलो. मामांचा आवाज उपजतच लाउडस्पीकर! "काय? ठमाबाई? नुसता ठमाबाई?"

मांडवभर माना खाली गेल्या, बोटं चालली. टीव्हीवरचा कान थिजला आणि पडदा काळा झाला.

"साधा फोन लावा!" सोनल ओरडली. दादा गच्चीवर पळाला, एका पायावर उभा राहिला. आत्याचा फोन बंद! लेकाचाही बंद! पुन्हा लावला, पुन्हा बंद. म्हातारी बाई, पाय मोडलेला, काय झालं असेल? वहिनीनं देवासमोर दिवा लावला. हळदीची वाटी तशीच पडून. कल्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं, हा टॅबलेट खाडीत टाकावा आणि मागोमाग आपणही उडी मारावी.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाहेर एकदम टेम्पोचा हॉर्न वाजला.

टेम्पोच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत, नऊवारी नेसून, नाकात नथ घालून, प्लास्टरचा पाय तोफेसारखा समोर रोखून ठमाआत्या बसली होती!

"कान सुजला माजा फोन धरून!" ती गरजली. "म्हटला, या सुध्याच्या भरवशावर पोरीची हलद ऱ्हायची. शेजारनीच्या पोरांनी खुर्चीसकट खाली उतरवली मना!" टेम्पोत पुढे बसलेल्या तिच्या लेकाचा फोन आम्हाला लावून लावून आधीच बंद पडला होता, तिचा त्या व्हिडिओ कॉलमध्येच संपला होता.

चौघांनी खुर्ची उचलून पाटाशेजारी ठेवली. आत्यानं कल्पिताच्या डोक्यावरून हात फिरवला आणि धवळा सुरू केला. थकलेला, किंचित चिरका आवाज, पण डीजेवाल्यानंसुद्धा टोपी काढली. सगळे फोन खाली ठेवले गेले. कल्पिता रडत होती, हसत होती, आणि तिच्या गालाला हळद लागत होती. मीही रडलो. लपवण्यात काय अर्थ आहे?

धवळा संपला. आत्या पाणी प्यायली, तोवर तिचा फोन चार्ज झाला होता. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"सुध्या, ती शेजारीन बिचारी कल्यानला एकटी बसलीय. तिला हलद दाखवाचीय व्हिडोवर. पासवर्ड काय रं तुजा?"

मी तोंड उघडण्याआधी अख्खा मांडव एका सुरात ओरडला, "ठमाबाई!"

आत्या लाजली. मांडवातल्या पोरांनी पासवर्ड टाकून दिला. तिच्या फोनवर गोल फिरायला लागला. फिरला, फिरला, फिरतच राहिला.

"लागत का नाय रं?"

"दे इकडे आत्या," मी बाह्या सरसावल्या, "मी बघ..."

कल्पितानं पाटावरूनच हळदीनं भरलेला हात माझ्या तोंडावर ठेवला.