डॉक्टर काटे आणि सांधणारी गाठ

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. नदी होती, राजा होता, राजाच्या वाढदिवसाचे फलक होते आणि कॅन्सरचे डॉक्टरसुद्धा होते.

हे डॉक्टर म्हणजे एक साळिंदर. त्यांचं नाव डॉक्टर काटे. माणूस, म्हणजे साळिंदर, वाईट नव्हतं. आपणही चुकू शकतो एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आता सांगणार तरी कोण? जवळ गेलं की टोचायचं.

एके दिवशी त्यांच्या बिळाशी भालेराव अस्वल आले. बरोबर त्यांची बायको गिरजा होती. भालेरावांच्या मानेखाली कवठाएवढी गाठ होती.

डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली आणि म्हणाले, "कॅन्सर आहे. घाबरू नका. मी आहे."

गिरजा घाबरली ती 'कॅन्सर' ऐकून. डॉक्टरांना वाटलं, 'मी आहे' ऐकून तिला धीर आला असेल.

आता थोडं शास्त्र ऐका. सांगणाऱ्याला फार कळतं असं नाही, त्यामुळे तुम्हालाही जड जाणार नाही. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीत एक लांबलचक धागा असतो. मोठी माणसं त्याला डीएनए म्हणतात. कसं जगायचं, कधी वाढायचं आणि कधी थांबायचं, ते सगळं त्या धाग्यावर लिहिलेलं असतं. गाठीतल्या पेशींच्या धाग्यावर नेमकं 'थांबायचं' तेवढं बिघडलेलं असतं. म्हणून त्या वाढतच राहतात.

डॉक्टर काट्यांचं औषध हा धागा तोडायचं. धागा तुटला की पेशी मरायची. औषध होतं जहाल. डॉक्टर आपल्याच पाठीवरचा एक काटा उपटायचे, त्यात औषध भरायचे आणि टोचायचे. सुई विकत आणावी लागत नसे.

भालेरावांना औषध सुरू झालं. त्यांना उलट्या झाल्या. अंगावरचे केस गळू लागले. पण गाठ उतरू लागली. कवठाची लिंबाएवढी झाली, लिंबाची करवंदाएवढी झाली, आणि मग हाताला लागेनाशी झाली.

जंगलात आनंदीआनंद झाला. राजाने डॉक्टरांना शाल दिली. काट्यांमुळे ती पाठीवर बसेना, म्हणून हातात दिली. जेवणाच्या पंगतीत डॉक्टर पिंगळे त्यांच्याजवळ आल्या. या पिंगळेबाई म्हणजे मोठ्या डोळ्यांची घुबडीण. पेशी तपासण्याचं काम त्यांचं.

"सर," त्या म्हणाल्या, "गाठीतलं थोडंफार मागे राहिलं असेल. मला एकदा तपासू द्या ना."

"पिंगळेबाई," डॉक्टर हसून म्हणाले, "शुभकार्यात असलं बोलू नये. बासुंदी घ्या."

बाईंनी बासुंदी घेतली.

पाऊस सरला, थंडी पडली आणि भालेराव परत आले. मानेखाली गाठ होती. पहिल्यापेक्षा मोठी.

डॉक्टरांनी तेच औषध दिलं. गाठ हलेना. दुप्पट दिलं. भालेराव हलेनासे झाले, गाठ मात्र तशीच. अंगावर एक केस राहिला नाही. थंडीत ते गुहेच्या तोंडाशी उन्हाला बसायचे, तर पोरंटोरं ओळखायचीच नाहीत.

त्या संध्याकाळी डॉक्टरांच्या आत काहीतरी कट्कन मोडलं. 'आपलं काही चुकतंय का?' असं त्यांच्या मनात येऊन गेलं. जेवण गेलं नाही. पण गाढ झोप लागली, आणि सकाळी उठून पाहतात तो मोडलेलं सगळं जिथल्या तिथे सांधलेलं! औषध उत्तम आहे. चूक पेशंटची आहे.

ते तडक गुहेत गेले.

"भालेराव, खरं सांगा. मध खाल्लात ना?"

भालेराव खाली बघू लागले. "डॉक्टरसाहेब, दिवाळीच्या सुमाराला एकदा बोट चाटलं होतं."

"तरीच!" डॉक्टर म्हणाले. "मी एवढी मेहनत घेतोय, आणि तुम्ही बोटं चाटताय."

गिरजा पुढे आली. "अहो, घोटभर पाणी पोटात ठरत नाही त्यांच्या. मधाचं काय घेऊन बसलात?"

"वहिनी, पेशंटची इच्छाशक्तीही लागते," डॉक्टर म्हणाले आणि निघाले. मागे भालेराव आपल्या त्या बोटाकडे बघत बसले होते. डॉक्टरांनी ते पाहिलं. पण पाहिलं नाही असं त्यांनी ठरवलं.

वाटेत पिंगळेबाईंनी त्यांना गाठलं.

"सर, मी विचारलं नाही, रागवा हवं तर. गाठीचा बारीक तुकडा गिरजावहिनींना सांगून घेतला होता. तुम्ही एकदा बघाच."

बाईंच्या ढोलीत जाऊन डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाईंनी गाठीतल्या पेशींवर डॉक्टरांचंच औषध सोडलं. धागे तटातट तुटले.

"बघा!" डॉक्टर ओरडले. "तुटतायत की!"

"आता घरी जा. सकाळी या."

सकाळी डॉक्टर आले. पुन्हा डोळा लावला. तुटलेले सगळे धागे जोडलेले होते. पेशी मजेत होत्या.

"हे कुणी केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यांचं त्यांनीच. प्रत्येक पेशीत धागा सांधायची सोय असतेच. ती नसती तर साध्या उन्हानेही आपण मेलो असतो. या पेशींमध्ये ती सोय फार जोरात चालते. तुम्ही तोडता, त्या सांधतात. तुम्ही दुप्पट तोडता, त्या दुप्पट सांधतात."

"पण पहिल्या वेळी तर मेल्या होत्या!"

"ज्यांना सांधता येत नव्हतं त्या मेल्या. ज्यांना येत होतं त्या थोड्याशा उरल्या. आत्ताची गाठ म्हणजे त्यांचीच लेकरं."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा डोळा लावून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मी गाठीची परीक्षा घेतली. ढ होत्या त्यांना घालवलं, आणि हुशार तेवढ्या निवडून ठेवल्या."

बाई काच पुसायला लागल्या.

"आणि वर शाल घेतली," डॉक्टर म्हणाले.

त्यांच्या आत पुन्हा काहीतरी मोडलं. या वेळी मात्र त्यांनी मध्ये रात्र पडू दिली नाही. रात्रीतून काय होतं, ते नुकतंच त्यांनी भिंगातून पाहिलं होतं. मोडक्या अवस्थेतच ते गुहेकडे गेले.

"भालेराव," ते दारातूनच म्हणाले, "मधाने काही झालं नाही. गाठ माझ्या औषधाला पुरून उरली. तुमचं काहीच चुकलं नाही. ते मी उगाच तुमच्या माथी मारलं."

भालेराव हळूहळू उठून बसले. "म्हणजे ते बोट..."

"बोटाचा काही संबंध नाही."

त्या एवढ्या थोरल्या अस्वलाला रडू आलं. गाठ मोठी झाली तेव्हा आलं नव्हतं, केस गेले तेव्हा आलं नव्हतं. "मला वाटलं, मीच माझ्या हाताने मरण ओढवून घेतलं," ते म्हणाले. "हिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं मला."

गिरजाने डॉक्टरांकडे असं पाहिलं की साळिंदर असूनही त्यांनाच टोचलं.

"आता पुढे काय?" तिने विचारलं.

"पिंगळेबाईंकडे एक औषध आहे. ते धागा तोडत नाही, सांधणाऱ्यांचे हात बांधतं. आधी ते द्यायचं, मग माझं औषध, तेही थोडंच. चांगल्या पेशींनाही त्रास होईल, म्हणून जपून."

"बरे होतील?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. सवयीने 'मी आहे' हे शब्द ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले.

"माहीत नाही," ते म्हणाले.

गिरजाने मान हलवली आणि त्यांना बसायला पाट दिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

नवं औषध सुरू झालं. गाठ हळूहळू उतरली. पूर्ण गेली नाही, बोराएवढी उरली. तेवढीच राहिली. भालेरावांच्या अंगावर ठिकठिकाणी केस उगवले. दिसायला ते काही फार बरे दिसत नव्हते, पण उन्हाळ्यात स्वतः झाडावर चढून त्यांनी पोळं काढलं. खाली गिरजा ओरडत होती, "सांभाळून! पडून मेलात तर डॉक्टरांचं नाव खराब व्हायचं!"

डॉक्टर दर पंधरवड्याला ते बोर चाचपून बघायचे, आणि 'पुढच्या वेळी काय दिसेल, माहीत नाही' असं खरं खरं सांगायचे.

ही बातमी जंगलभर पसरली. काट्यांना माहीत नसतं, असं जो तो म्हणू लागला. नदीपलीकडे एक कोल्हेवैद्य होते. त्यांना सगळं माहीत होतं, आणि ते खात्रीही लिहून देत. रांग हळूहळू तिकडे सरकली. डॉक्टर काट्यांच्या बिळापुढे हिरवळ उगवली.

तात्पर्य: बाळांनो, आपलं काही मोडलं तर सकाळ व्हायच्या आत ते सांधून टाकावं आणि काही झालंच नाही अशा थाटात वाढत राहावं. गाठीतल्या पेशी हा नियम काटेकोर पाळतात, म्हणून त्यांचं सगळीकडे चांगलं चालतं. डॉक्टर काट्यांनी तो मोडला. त्यातून एक अस्वल तेवढं जगलं. प्रॅक्टिस बसली ती बसलीच.