विजूताईंची कदाचित नामशेष शेवळी

विजूताईंनी पहिल्याच भेटीत माझ्या केसांना 'संकटग्रस्त' ठरवलं. मी शेजारच्या घरात राहायला आलो होतो आणि खोकी आत नेत होतो. त्या कुंपणापलीकडून मला न्याहाळत उभ्या होत्या. "मराठी का रे?" मी हो म्हणालो. "पुढून संकटग्रस्त, टाळूवर अतिसंकटग्रस्त. वडिलांचे कसे आहेत?" वडिलांना टक्कल आहे, असं मी सांगितलं. "म्हणजे मुळातच आशा कमी," त्या म्हणाल्या, आणि कोथिंबिरीची एक जुडी माझ्या हातात देऊन आत निघून गेल्या.

ही दोन हजार चौदाची गोष्ट. नेदरलँड्समधलं वाखनिंगन हे गावच असं आहे की इथला दर दुसरा माणूस कुठल्या ना कुठल्या झाडाच्या मागे लागलेला असतो. मी बटाट्याच्या रोगांच्या मागे होतो. विजूताई मेलेल्या झाडांच्या मागे होत्या. गावात वाळवलेल्या वनस्पतींचा एक जुना संग्रह होता आणि तिथे वाळलेली झाडं जाड कागदावर चिकटवायचं काम त्या करत. मी येण्याच्या तीसेक वर्षं आधी बियाणांच्या संशोधनासाठी त्यांचे यजमान दामलेकाका इथे आले, आणि त्यांच्या मागोमाग कडेवर एका वर्षाचा मुलगा घेऊन विजूताई. सुरुवातीची काही वर्षं घरी बसून काढल्यावर त्यांनी या कामासाठी अर्ज केला. अनुभव काय, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, पेणला लहानपणापासून पापड वाळवले आहेत. त्यांना नोकरी मिळाली. "पापड न मोडता उचलणाऱ्या बाईला पान उचलायला काय शिकवायचं?" हा त्यांचा प्रश्न, आणि त्याला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही.

या संग्रहात आफ्रिकेतली दुर्मीळ झाडं पुष्कळ. कुठलं झाड किती धोक्यात आहे हे ठरवणारे तज्ज्ञ तिथे सारखे येत-जात. त्यांची भाषा ताईंच्या तोंडी बसली ती कायमची. माझी सायकल, म्हणजे डचमध्ये फीत्स, 'असुरक्षित'. कोपऱ्यावरच्या भारतीय दुकानातला कढीपत्ता 'स्थानिकदृष्ट्या नामशेष'. माझं लग्न जमण्याची शक्यता 'माहिती अपुरी'.

फक्त 'नामशेष' हा शब्द मात्र त्या कुणाला सहजासहजी वापरू देत नसत. त्यासाठी नियम होता. एखादं झाड संपलं म्हणायचं तर ते योग्य जागी, योग्य ऋतूत आणि पुरेसं शोधून झालेलं असलं पाहिजे. तोवर फार तर 'कदाचित नामशेष' म्हणायचं. हा नियम त्यांनी घरात जसाच्या तसा लागू केला होता. स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी पत्र्याची एक पेटी होती आणि तिच्यात संग्रहातून रद्दीत निघालेली कार्डं. घरातली हरवलेली प्रत्येक वस्तू एकेका कार्डावर. 'डावा हातमोजा, तपकिरी. शेवटची नोंद: शनिवारचा बाजार, चीजवाल्यासमोर. स्थिती: कदाचित नामशेष.'

"ताई, नवीन घ्या की जोडी," मी म्हणालो.

"तू शोधलास? योग्य जागी? योग्य ऋतूत? पुरेसा?"

मार्चमध्ये तो हातमोजा माझ्याच फीत्सच्या पिशवीत, तळाशी सापडला. ताईंनी कार्डावर 'पुन्हा आढळला' असं लिहिलं आणि माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. ते जास्त लागलं.

दामलेकाकांबद्दल मी एकदा चाचरत विचारलं. मी येण्याआधी सहा वर्षं ते गेले होते. मला वाटलं, त्यांचंही काही कार्ड असेल. ताई शांतपणे म्हणाल्या, "ते गेले. मी हात धरून बसले होते. तिथे शोध पूर्ण आहे." आणि मला आणखी एक थालीपीठ वाढलं.

आता शेवळीबद्दल. कॅमेरूनमधल्या एका डोंगरावरचं हे झाड. त्याचं लॅटिन नाव एवढं लांब की ताई म्हणत, नाव उच्चारेपर्यंतच ते नामशेष होईल. जमिनीत कंद, वर एक लांबट जांभळसर फूल, बस्स. सबंध जगात त्याचा एकच नमुना, आणि तो ताईंच्या कपाटात. कुणा डच माणसाने फार पूर्वी आणलेला. लेबलाचा कोपरा किड्यांनी खाल्लेला, त्यामुळे साल होतं पण महिना नव्हता. त्यानंतर दोन तुकड्या त्या डोंगरावर जाऊन हात हलवत परत आल्या. ताईंनी त्याचं नाव 'शेवळी' ठेवलं, कारण ते हुबेहूब आपल्या शेवळासारखं दिसे. ज्यांनी शेवळं खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, मे संपता संपता रायगडकडच्या बाजारात कातकरी बायका जांभळट कोंबांच्या जुड्या घेऊन बसतात, तीच ती भाजी. खाजरी असते. काकडांच्या आंबट फळांचा रस घातला नाही, तर घसा धरते.

एके दिवशी ताई कामावरून आल्या त्या पायातले बूट न काढता थेट माझ्याकडे. घरात बूट हा त्यांच्या मते गुन्हा, तेव्हा प्रकरण गंभीर होतं.

"शुक्रवारी हेंक माझी शेवळी मारणार आहे," त्या म्हणाल्या.

हेंक म्हणजे त्यांचे साहेब. सहा फूट चार इंच, स्वभावाने गाय. त्या झाडाचा 'कदाचित' काढून नुसतं 'नामशेष' लिहायचं असं तज्ज्ञांच्या बैठकीत ठरणार होतं आणि कागद हेंक तयार करत होते. एकदा नामशेष लिहिलं की कोण कशाला पुन्हा शोधायला जाईल? ताईंना बैठकीत बोलावलं नव्हतं. चिकटवणाऱ्या बाईला कोण बोलावतो?

"त्या दोन्ही तुकड्या कधी गेल्या माहितीये? कोरड्या दिवसांत. का, तर तेव्हा रस्ते बरे असतात, जीप वर जाते. अरे, जानेवारीत पेणच्या बाजारात जाऊन शेवळं माग. भाजीवाली तुला वेड्यात काढील! शेवळं पावसाच्या तोंडावर दोन आठवडे येतात आणि जातात. नंतर त्याच कंदाला पान येतं, ते एवढं वेगळं की दोघांचं नातं आहे हे सांगूनही पटत नाही. आणि मग तेही वाळून जातं. कंद खाली निवांत."

"पण हा नमुना पावसाच्या तोंडावरचा हे कशावरून? महिना तर किड्यांनी खाल्लाय."

"कंदाला माती आहे. लोंबून सुकलेली. कोरड्या जमिनीतला कंद झटकला की स्वच्छ होतो. हा ओल्या मातीतून उपटलाय. मी आयुष्यात हजार उपटलेत."

गुरुवारी त्यांनी हेंकना डबा नेला. नणंदेने पेणहून पाठवलेली सुकी शेवळं भिजवून त्यांची भाजी केली होती. काकडं नव्हती, म्हणून चिंचेवर भागवलं. किती भागलं ते हेंकनाच ठाऊक. आधी त्यांना तो नमुना दाखवला, मग माती दाखवली, मग भाजी खाऊ घातली. हेंक पुढचे दोन तास फार हळू आवाजात बोलत होते, पण म्हणणं त्यांच्या गळी उतरलं होतं. शुक्रवारी बैठकीत त्यांनी ताईंना शेजारी बसवलं. शेवळी 'कदाचित नामशेष'च राहिली, आणि खाली एक ओळ वाढली: योग्य ऋतूत शोध झालेला नाही.

त्या संध्याकाळी ताईंनी श्रीखंड केलं. त्यांच्याकडचा पांढरा कागद संपला, म्हणून वाटीखाली ठेवायला मी त्या पेटीतलं एक कार्ड ओढलं. त्यावर लिहिलं होतं:

'नचिकेतचं मराठी. शेवटची नोंद: वय साडेचार, स्वयंपाकघर. "आई, पाणी दे ना." स्थिती: कदाचित नामशेष.'

ताईंनी कार्ड माझ्या हातातून घेतलं नाही. नुसत्या श्रीखंड ढवळत राहिल्या.

नचिकेत त्यांचा मुलगा. तेव्हा तिशी ओलांडलेला, बायको मारलूस डच, राहायला नीउ-व्हेनेपला. तिथून इथे यायला गाडीने तासभर लागतो, आणि तो वर्षातून तीनदा यायचा. माणूस चांगला. आईला पोटतिडकीने विचारायचा, जिन्याचा कठडा दुरुस्त करून घेतलास का, डॉक्टरकडे गेलीस का, सगळं डचमध्ये. ताई दर रविवारी अकराला त्याला फोन करत, मराठीत बोलत आणि तो डचमध्ये उत्तरं देत असे. मी भिंतीपलीकडून ऐकायचो. तो घर सोडून गेल्यापासून हे असंच चाललं होतं.

"शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं," ताई म्हणाल्या. "मुलगा मागे पडतोय, घरी डचच बोला. ह्यांनी लगेच ऐकलं. मीही ऐकलं. तो मराठीत पाणी मागायचा आणि मी ऐकू न आल्यासारखं करायची, डचमध्ये मागेपर्यंत. साडेचार वर्षांचं पोर, तहानलेलं. चार दिवसांत शिकला. हुशारच होता. पुढे मी पुन्हा मराठी बोलायला लागले, तो नाही." मग म्हणाल्या, "त्या बाईंना मी दोष देत नाही. पाणी माझ्या हातात होतं."

 अशा वेळी मी नेमकं नको ते बोलतो. म्हणालो, "ताई, रविवारी अकरा वाजता, फोनवर. हा योग्य ऋतू आहे का?"

मला वाटलं, पुन्हा आठवडाभराचा अबोला. पण त्या एवढंच म्हणाल्या, "श्रीखंड खा."

पुढच्या वर्षी दोन बातम्या एकाच आठवड्यात आल्या. पहिली कॅमेरूनहून: तिथले दोन वनस्पतितज्ज्ञ पाऊस पडायला लागताच, जीप खाली ठेवून चिखलातून त्या डोंगरावर चढले होते. शेवळी सापडली नाही. हेंक हे सांगताना हळहळले. ताई म्हणाल्या, "एक वर्ष. एक डोंगर. पुरेसा नाही." दुसरी बातमी नीउ-व्हेनेपहून: मारलूसला मुलगी झाली. नाव ईव्हा.

ताईंनी डिंकाचे लाडू केले. ते घेऊन ट्रेनने जाणं शक्य नव्हतं, कारण डबा बाळापेक्षा जड होता. म्हणून शनिवारी सकाळी मी गाडी काढली. त्यांच्याकडे पोचलो तेव्हा मारलूस बाहेरच्या खोलीत कोचावर झोपली होती, बाळ वरच्या खोलीत, आणि नचिकेतचे डोळे लाल. त्याने आईला मिठी मारली, डचमध्ये म्हणाला की कॉफी तुम्हीच करून घ्या, आणि बाळ रडलं म्हणून जिना चढून पळाला.

स्वयंपाकघरात मी कॉफी शोधत होतो आणि ताई लाडूंना जागा शोधत होत्या. ओट्यावर बाळाचा आवाज खाली पोचवणारं ते छोटं यंत्र चालू होतं. आधी त्यातून ईव्हाचं रडणं आलं. मग पावलं. मग नचिकेतचा आवाज.

"उगी, उगी... उगी गं माझी बाय. काय झालं? कोण बोललं माझ्या सोनुलीला? हात रे त्याला. उगी."

डब्याचं झाकण माझ्या हातात होतं. मी तोंड उघडलं, तर ताईंनी पुढे होऊन सरळ माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या हाताला डिंकाचा वास होता. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. यंत्रातून पुन्हा आलं, "पाणी नाही हं द्यायचं अजून बाळाला. दुदू प्यायचं. हो की नाही? हो की नाही गं?" उच्चार साडेचार वर्षांच्या मुलाचे होते, आवाज बाप्याचा.

मग शांत झालं. नचिकेत खाली आला आणि डचमध्ये म्हणाला, "झोपली." त्याला काही ठाऊक नव्हतं. आपण काय बोललो, कुठल्या भाषेत बोललो, काही नाही. ताईंनी त्याच्या हातात लाडू दिला. या बाईने त्याच्याशी एक वाक्य डचमध्ये बोललेलं मी तरी कधी ऐकलेलं नव्हतं. आज मराठीतही काही न विचारता त्यांनी ग्लासभर पाणी भरून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने मागितलं नव्हतं. तो घटाघटा प्यायला.

परतताना ताई गाडीत रडल्या. लपवलं वगैरे नाही, चांगल्या मोठ्याने रडल्या, आणि मी पेट्रोल पंपावर गाडी थांबवली. मग त्यांनी नाक पुसलं, पर्समधून ते कार्ड काढलं आणि माझं पेन मागितलं. 'कदाचित नामशेष' खोडलं. खाली लिहिलं, 'पुन्हा आढळलं.' तारीख घातली. 'उगी, पाच वेळा' असं लिहिलं. मी चारच मोजले होते, पण वाद घातला नाही. ठिकाणाची ओळ मात्र त्यांनी कोरी ठेवली.

"ठिकाण राहिलं, ताई."

"दुर्मीळ झाड सापडलं की ठिकाण लिहीत नाहीत. लोक जातात आणि उपटून आणतात."

"नचिकेतच्या घरी कोण जाणार उपटायला?"

"मीच," विजूताई म्हणाल्या. "दुसरं कोण?"