सिंधूचा पाठ आणि निवृत्तीमामांचं ध्रुपद

सिंधूला उद्या उदगीरच्या एका इंग्रजी शाळेत नमुना पाठ द्यायचा होता. विषय शाळेनंच दिला होता: इंग्रजीतले हवामानाचे वाक्प्रचार. तीन शाळांनी नाही म्हटल्यावर ही चौथी होती, आणि वाक्प्रचार काही अर्थासकट पाठ होत नव्हते.

"मामा, 'ब्लो ओव्हर' म्हणलं की फुडं सगळं कोरं होऊन जातंय," ती सासऱ्यांना म्हणाली.

निवृत्तीमामा चाळीस वर्षं जळकोट भागातल्या कीर्तनांत टाळ घेऊन उभे राहिलेले. बुवांनी चरण सोडावा आणि आपण मागून ध्रुपद धरून तो उचलावा, एवढंच त्यांनी देवाकडं मागितलं होतं, आणि देवानं ते भरभरून दिलं होतं.

"चालीवर घे, माय. चालीवर घेतलेलं जात न्हाई. तू इंग्रजी सोड, मी मराठी धरतो."

दोघं अंगणात बसली. "अंडर द वेदर," सिंधूनं सोडायचं. "जिवाला बरं न्हाई," मामांनी धरायचं. "ब्लो ओव्हर." "भांडण आपोआप निवलं." दिवेलागणीपर्यंत दहाच्या दहा पक्के झाले.

सकाळी मामा सोबत आले आणि वर्गाबाहेर व्हरांड्यात बसले. आत मागच्या बाकावर मुख्याध्यापक आनंदराज सर वही उघडून बसले होते. आधीच्या दोन उमेदवारांना त्यांनी पाच मिनिटांत वाटेला लावलं होतं.

सिंधूनं फळ्यावर तारीख लिहिली, वळली आणि म्हणाली, "अंडर द वेदर." आणि थांबली. अर्थ तिच्याकडं नव्हताच. तो मामांच्या वाट्याचा होता. सरांनी पेनाचं टोपण काढलं. तिनं पुन्हा म्हटलं, या खेपेला नकळत चालीत.

बाहेर मामांनी ओठ आवळून धरले होते. पण सुटलेला चरण तसाच खाली पडू द्यायचा, हे काही त्यांच्या जिवाला सोसेना.

"जिवाला बरं न्हाईऽऽ!"

सर वही घेऊनच ताडकन दारात आले. "कोण तुम्ही?"

"टाळकरी, साहेब."

"इथं आवाज करायचा नाही."

"न्हाई करत."

पण आता सिंधूला कंठ फुटला होता. "ब्लो ओव्हर!" मामांनी सरांपुढं क्षमेसाठी हात जोडले आणि जोडल्या हातानंच म्हणाले, "भांडण आपोआप निवलंऽऽ!"

तिसऱ्याला पोरांनीही मामांमागं धरलं. पाचव्याला बाकं वाजू लागली. सातव्याला शेजारचा वर्ग खिडकीत आला, त्याला ओरडायला आलेल्या बाई तिथंच उभ्या राहिल्या. दहावा संपला. कीर्तन संपलं की शेजारच्याच्या पाया पडायचं, या सवयीनं मामा वाकले. शेजारी सर होते. भांबावून सरही वाकले.

मग त्यांनी चेहरा कडक केला आणि पहिल्या बाकावरच्या तनुजाला विचारलं, "आभाळ निवळलं, याला काय म्हणतात?"

तनुजा उभी राहिली. ओठांतल्या ओठांत पहिल्यापासून म्हणत गेली. सर थांबून राहिले. "क्लिअर अप!"

सरांनी वही मिटली. "सोमवारपासून या," ते सिंधूला म्हणाले. "मात्र यांना घरी ठेवून."

सिंधूनं पदरानं डोळे टिपले. मामांनी मान हलवली आणि चपला पायात सरकवल्या.

"सर," तनुजा अजून उभीच होती, "मंग मागं कोन म्हननार?"

सरांनी वर्गाकडं पाहिलं. खिडकीतल्या बाईंकडं पाहिलं. बराच वेळ चष्मा पुसला.

"मी हाय की."