सगळ्या गावाच्या ओळखीचा आरोपी

डॉक्टरांनी मला रोज सकाळी चालायला सांगितलं होतं. कुठपर्यंत चालायचं ते सांगितलं नव्हतं, म्हणून मी ट्रकपर्यंत चालत जायचो.

वसंतात माझ्या हृदयात स्टेंट बसवला. तेव्हापासून व्हर्नानं, म्हणजे माझ्या बायकोनं, घरातलं लोणी, बेकन आणि माझं मत या तिन्ही गोष्टी बंद केल्या. रोज उजाडता उजाडता ती मला दाराबाहेर पिटाळायची. "तळ्याला फेरी मारून ये, ऑटिस. नीट झपझप." मी कोपऱ्यापर्यंत झपझप जायचो. तिथे चर्चमागे माझा ट्रक उभा असायचा. (अंगणातल्या पिकन झाडाचा चीक टपावर पडतो, अशी थाप मी मारली होती.) ट्रक काढायचा आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला बेकरी गाठायची. तिथे कोलाची मिळते, म्हणजे सॉसेज भरलेला गरमागरम पाव. एक उभ्यानं खायची, एक येताना. घरात शिरण्याआधी बागेतल्या नळाखाली डोकं धरायचं. व्हर्ना टॉवेल घेऊन यायची आणि कौतुकानं म्हणायची, "केवढा रे घाम!"

एका सकाळी दुसरी कोलाची जरा जास्तच गरम होती. ती या हातातून त्या हातात नाचवताना स्टॉपची पाटी न थांबताच मागे गेली आणि मागून पोलिसांचे दिवे लागले.

"सर, पाटी दिसली नाही?" पोलिसानं विचारलं.

"पाटी दिसली हो. तुम्ही दिसला नाहीत."

त्यानं पावती फाडली. ठिकाण: बेकरीसमोर. वेळ: मी तळ्याकाठी घाम गाळत असण्याची. ही पावती व्हर्नानं पाहिली असती तर स्टेंटचा खर्च वाया गेला असता.

त्याच दिवशी मी नगरपालिकेच्या कोर्टाची खिडकी गाठली. खिडकीत फ्रीडा होती. ती माझ्याबरोबर शाळेत होती आणि तेव्हापासून मला मठ्ठ समजते.

"हे बघ ऑटिस," ती म्हणाली, "गुन्हा कबूल कर, दंड भर, विषय संपला. पावती घरी येईल पोस्टानं."

"पोस्टानं नको."

"मग सुरक्षित ड्रायव्हिंगचा वर्ग कर. शनिवारी, चर्चच्या हॉलमध्ये. लोरीन शिकवते."

लोरीन म्हणजे माझी मेव्हणी. तिला सांगितलेली गोष्ट व्हर्नाला कळायला फोनची घंटासुद्धा पुरी वाजावी लागत नाही.

"आणखी काही?"

"तीन महिन्यांची मुदत माग. तेवढे दिवस नीट गाडी चालवलीस तर प्रकरण रद्द. हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग. हुकूम घरी येतो."

"घरी काहीच येत नाही असा एखादा मार्ग नाही का?"

फ्रीडानं चष्म्यावरून पाहिलं. "आहे. गुन्हा नाकबूल कर आणि खटला लढव. तारीख मी आत्ता लिहून हातात देते."

"दे!"

"जजसमोर की ज्यूरीसमोर?"

आमच्या जजबाई थेल्मा रस्क रविवारी चर्चमध्ये व्हर्नाच्या खांद्याला खांदा लावून गातात. मी छाती काढून म्हणालो, "ज्यूरीसमोर. तो माझा हक्क आहे!"

(माझ्या आयुष्यात 'हक्क' हा शब्द मी जेव्हा जेव्हा वापरला, तेव्हा तेव्हा मला तो भोवला आहे.)

पुढचे काही आठवडे घरात काहीतरी विलक्षण घडत होतं. एका रात्री ताटात उकडलेल्या ब्रोकोलीऐवजी चक्क तळलेलं स्टेक, वर पांढरी ग्रेव्ही! मी डोळे चोळले. दुसऱ्या दिवशी लोण्यात परतलेले बटाटे. व्हर्ना केस कुरळे करून आली. माझ्या जुन्या विनोदांना हसायला लागली. मला वाटलं, स्टेंटमुळे माझ्यात काहीतरी तेज आलं असावं. कपाटातली तिच्या आईची चिनी मातीची भांडी एकेक करून लोरीनकडे चालली होती, तेही मला दिसलं. मी म्हटलं, साफसफाई असेल. गॅरेजमध्ये ती गवत कापायचं यंत्र सुरू करायला शिकत होती. मी म्हटलं, वा, हौस आहे!

एका संध्याकाळी ती म्हणाली, "गुरुवारी मला ज्यूरीसाठी बोलावलंय."

ज्यूरी म्हटलं की मला जिल्ह्याचं मोठं कोर्टच आठवतं, आणि ते दुसऱ्या गावात आहे. माझा खटलाही गुरुवारीच. बायको दिवसभर गावाबाहेर! देव इतका उघड उघड पावलेला मी कधी पाहिला नव्हता.

"अवश्य जा," मी म्हणालो. "नागरिकाचं कर्तव्य आहे ते."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, देशप्रेम.

गुरुवारी मी लग्नातला कोट घालून आरोपीच्या टेबलाशी बसलो. दार उघडलं आणि ज्यूरीसाठी बोलावलेली माणसं आत येऊ लागली. पहिला डेल्मर, माझा न्हावी. मागून आमची शेजारीण ओपल. आणि ओपलच्या मागे, विणकामाची पिशवी छातीशी धरून, व्हर्ना.

मी टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखं केलं. बराच वेळ ते मला सापडलं नाही.

"ऑटिस, वर ये," जजबाई म्हणाल्या. "नगरपालिका विरुद्ध ऑटिस श्वाब. आरोप: स्टॉपच्या पाटीला न थांबणं."

शेवटच्या बाकावरून आवाज आला, "एवढंच?"

"काय म्हणालीस, व्हर्ना?"

"म्हणजे घटस्फोट नाही?"

डेल्मर आणि ओपल एकदम माझ्याकडे वळले.

"अगं, इथे पाट्या, पार्किंग आणि मोकाट कुत्री एवढंच चालतं," जजबाई म्हणाल्या. "नवरे माझ्या अखत्यारीत येत नाहीत."

व्हर्नानं विणकामाची पिशवी बाजूला ठेवली. "हा गॅरेजमध्ये आपल्या भावाशी फोनवर कुजबुजत होता, थेल्मा. 'व्हर्नाला कळता कामा नये. एकदा कोर्टातून सुटलो की मी मोकळा.' मी दाराआड उभी होते. दवाखान्यात याला आत नेलं तेव्हासुद्धा इतकी घाबरले नव्हते गं मी. तेव्हा निदान मला सोडून जायची त्याची इच्छा तरी नव्हती."

ती रडत होती आणि रडता रडता हसत होती. ते स्टेक, ते कुरळे केस, लोरीनकडे गेलेली ती भांडी, ते यंत्र, सगळं एकदम माझ्या डोक्यात शिरलं. (उशिरा शिरतं, पण शिरतं.) मी उठलो आणि तिच्याजवळ जाऊन बसलो. आरोपीला असं जागा सोडून जाता येत नाही, पण कोणी अडवलं नाही.

"वेडी का तू?" मी म्हणालो. "तुला सोडून मी जाणार कुठे? मला माझे मोजे कुठे असतात तेही माहीत नाही."

तिनं नाक पुसलं. "मग लपवलंस कशाला? कुठली पाटी ती?"

"बेकरीसमोरची," सरकारी वकीलबाईंनी कागद पाहून मदत केली. "सकाळी सातच्या सुमारास."

व्हर्नाचं रडणं थांबलं. हसणंही.

वकीलबाई नवीन होत्या, शहरातून आलेल्या. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "आरोपीला आणखी कोणी ओळखतं का?" सगळे हात वर गेले. "पण निःपक्षपातीपणे निकाल देऊ शकेल असं कोणी?" सगळे हात खाली आले.

"माझी पत्रपेटी यानं दोनदा पाडलीय," ओपल म्हणाली.

"माझ्या दुकानाच्या काचेतून हा एकदा ट्रकसकट आत डोकावला होता," डेल्मर म्हणाला. "तसा माणूस चांगला आहे, पण दुरून."

जजबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "ऑटिस, अजून वेळ गेलेली नाही. तीन महिन्यांची मुदत घे. नीट गाडी चालव, प्रकरण रद्द."

"घेतो. पण तो हुकूम घरी पोस्टानं..." मी सवयीनं म्हणालो आणि सगळं कोर्ट हसलं. व्हर्नासुद्धा. तेव्हाच मला कळलं, आपण वाचलो.

ज्यूरीला बाहेर सोडलं. मी फ्रीडाकडे सह्या करायला गेलो. ("हेच मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली.) छातीवरचा दगड उतरला होता. लपवायला जगात काहीच उरलं नव्हतं, आणि ते इतकं हलकं वाटतं हे मला ठाऊक नव्हतं.

दाराशी कोर्टाचा म्हातारा शिपाई माझी हॅट घेऊन उभा होता.

"सुटलास रे ऑटिस!"

"सुटलो! आणि खरं सांगू? ज्यूरी बसली असती तरी सुटलो असतो. माझीच माणसं ती."

"बसली की," शिपाई म्हणाला. "तू सह्या करत होतास तेव्हा, बाहेरच्या बाकावर. म्हणाले, आलोच आहोत तर निकाल देऊन जाऊ."

"मग?"

"दोषी. एकमतानं."

"काही चर्चा तरी झाली का?"

"होणार होती. पण त्यांच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, वेळ घालवू नका." त्यानं माझी हॅट माझ्या डोक्यावर ठेवली आणि नीट केली. "जा लवकर. ट्रकमध्ये बसून हॉर्न वाजवताहेत."